मेदींचं देऊळ आणि आमचं पॅकिंग

मी खोकी बनवतो. वसईला एखाद्या लग्नात कुणी "काय करता तिकडे?" असं विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की समोरचा माणूस थोडा थांबतो. पुढे आणखी काहीतरी येईल अशी त्याची अपेक्षा असते. माझ्या एका मावसभावाने तर तोंडावर विचारलं होतं, "कतारला जाऊन खोकी? ती काय इथे मिळत नाहीत?" मिळतात की. पण मी बावीस वर्षं तीच बनवतोय आणि मला त्याची लाज तर नाहीच, उलट थोडा माजच आहे. संपादकांनी "कामाबद्दल लिहा, पण सोपं लिहा" असं कळवलं, तेव्हा आमची फिलोमिना म्हणाली, "तू सोपंच लिहिशील, तुला अवघड येतंय कुठे?" फिलोमिना माझी बायको. ती इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, आणि पेशंट सोडून बाकी सगळ्यांशी ती अशीच बोलते.

माझी खोकी म्युझियमसाठी असतात. एका देशातलं म्युझियम दुसऱ्या देशाकडून वस्तू उसन्या आणतं, प्रदर्शन भरवतं आणि पुन्हा परत पाठवतं. हजारो वर्षांचं मडकं विमानात बसवायचं तर त्याला पट्टा बांधून भागत नाही. ते काम आमच्यासारख्यांचं. अल रय्यानमध्ये आमचं वर्कशॉप आहे, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला तंबू शिवणारे पाकिस्तानी कारागीर, मध्ये आम्ही. बाहेरून बघाल तर लाकडाची वखार वाटेल. आत मात्र एसी सतत चालू असतो, कारण लाकूड आणि फोम दोघांनाही इथला उन्हाळा सोसत नाही. आम्हाला सोसतो की नाही, हे कुणी विचारत नाही. पण लाकडाच्या पुण्याईने आम्हीही गारव्यात असतो.

आमच्या धंद्याचे नियम मोजकेच आहेत. खोक्यात जे भरतो त्याला आम्ही भरण म्हणतो. वस्तूच्या नाजूक भागाला भरण लागता कामा नये. त्या भागाभोवती आधी आडोसा उभा करायचा, आणि मग आडोशाच्या बाहेरून भरायचं. भरताना खालून वर यायचं आणि चारी बाजू सारख्या ठेवायच्या. एका अंगाने ढीग केला की वस्तू कलते. शेवटी वर एक चिठ्ठी ठेवायची. वस्तू काय, मालक कोण, उघडताना काय सांभाळायचं, पॅक कुणी केलं. त्याच्या खाली एक ओळ मोकळी असते, ती उघडणाऱ्यासाठी. वस्तू कशा अवस्थेत मिळाली ते तो लिहितो, सही करतो, आणि चिठ्ठीची प्रत परत पाठवतो. हा उघडणारा आपल्या ओळखीचा नसतो. तो कुठल्या देशात असेल, घाईत असेल, नवखा असेल, आपल्याला ठाऊक नसतं. तरी सगळी मेहनत त्याच्यासाठीच करायची असते.

मी हे नियम चांगल्या मार्गाने शिकलो असं मात्र नाही. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक हिरव्या काचेचा पेला गेला. इतका पातळ की त्यातून बोटाची रेघ दिसायची. मी त्याला मऊ मऊ फोमने गच्च वेढला, आईने तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा. आडोसा केलाच नाही, कारण इतक्या मऊ गोष्टीने काय होणार असं वाटलं. तीन आठवड्यांनी चिठ्ठीची प्रत आली. खालच्या ओळीत लिहिलं होतं, "कड तुटली." आणि खाली कुणाची तरी वळणदार सही. त्या माणसाने एकही शब्द जास्त लिहिला नव्हता. ती चिठ्ठी आजही माझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. पेटी उघडली की ती आधी दिसते.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एका कतारी आजीबाईंनी आपल्या पाडलेल्या घराचा दरवाजा म्युझियमला दिला होता. आम्ही तो बांधत होतो तेव्हा त्या दिवसभर खुर्ची टाकून समोर बसल्या आणि आम्हालाच गावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी बटव्यातून एक लांबलचक किल्ली काढली आणि ही पण आत ठेवा म्हणाल्या. दरवाजाला कुलूपच नव्हतं, ते कधीचं गंजून गेलेलं. मी दुभाष्याला म्हटलं, "त्यांना सांग, किल्लीचा काही उपयोग नाही." आजी त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इन्शाल्ला होईल." मी किल्ली ठेवली आणि चिठ्ठीत लिहिलं, "दरवाजा एक, किल्ली एक, कुलूप नाही." उघडणाऱ्याने खाली फक्त उद्गारचिन्ह काढून सही केली होती.

आता काशिनाथ. हा जालन्याकडचा. वडील शेतांना दगडी ताली रचायचे. ताल म्हणजे उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून चुना-सिमेंटाशिवाय नुसता दगडावर दगड बसवून केलेली भिंत. काशिनाथही तेच शिकला, आणि मग ड्रायव्हर म्हणून इकडे आला. आमचा ट्रक चालवता चालवता एकदा त्याने खोक्यात फोमचे तुकडे बसवलेले मी पाहिले आणि त्याला स्टीअरिंगवरून काढून टेबलाशी आणला. त्याला नऊ वर्षं झाली. तो कंपनीच्या कॅम्पात राहतो, शुक्रवारी एशियन टाउनला जाऊन सिनेमा बघतो, आणि शनिवारी आम्हा सगळ्यांना त्याची गोष्ट शेवटासकट सांगतो. त्याची एकच खोड. चिठ्ठ्या तो मराठीत लिहायचा. पहिल्याच खोक्यात मला सापडली, "घागर हाय. लई नाजूक."

"अरे काशिनाथ," मी म्हटलं, "हे खोकं इस्तंबूलला चाललंय. तिथे तुझी मराठी कोण वाचणार?"

"इनासभाऊ, उगडनारा कोन, हे तुमीच म्हनता आपल्याला म्हाईत नसतं. मराठी मानूस निगाला म्हंजे?"

तेव्हापासून इंग्रजी चिठ्ठी मी टाईप करतो. तिच्याखाली तो आपली एक सरकवतो. मी ती पाहिली नाही असं समजायचं, हे आमचं ठरलेलं आहे.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनाचं काम आलं. जुन्या इराणवर होतं. त्यातलं एक दालन मेदी लोकांचं. चर्चमध्ये वाचनात "मेदी आणि पारसी" ही जोडी मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्यातले पारसी तेवढे डोळ्यांसमोर यायचे. मेदी कोण, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. ते मला सांगितलं माहीन मॅडमनी. या इराणी बाई, त्या दालनाच्या तज्ज्ञ. पुण्यात तीन वर्षं शिकल्या होत्या, त्यामुळे इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत बोलता बोलता मध्येच "चालेल" म्हणायच्या. तेवढा एकच मराठी शब्द त्यांनी जपून ठेवला होता आणि तो त्या सढळ हाताने वापरायच्या.

माहीन मॅडमना समजावून सांगायची हौस होती. काम सुरू व्हायच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्यांना, अगदी ट्रकवाल्यांना सुद्धा, वर्कशॉपमध्ये चहा पीत बसवून घेतलं आणि सांगितलं. मेदी हे इराणच्या डोंगराळ भागातले लोक, पारसी सम्राटांच्याही आधीचे. त्यांनी स्वतः लिहिलेलं काही सापडलेलं नाही. जे कळतं ते शेजाऱ्यांनी लिहून ठेवलेलं, आणि जमिनीखालून निघालेलं. ते अग्नी पवित्र मानायचे असं दिसतं. मूर्ती करत नसावेत. जुने ग्रीक म्हणतात की ही माणसं डोंगरमाथ्यावर उघड्या आभाळाखाली पूजा करायची. मग हमदानच्या बाजूला एक टेकडी खणली तर चक्क बंदिस्त देऊळच निघालं. आत मातीच्या विटांची वेदी, तिच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा, आणि खळग्यात जळल्याच्या खुणा.

"कुठल्या देवाची?" मी विचारलं.

"ते माहीत नाही. काही म्हणतात अहुर मज्दा, काही म्हणतात मिथ्र. काही म्हणतात, तेव्हा हे सगळे एकत्रच होते. नाव सांगणारा पुरावाच नाही."

"आणि पुजारी?"

"पुजाऱ्यांची वेगळी जमातच होती. मागी. त्यांच्याशिवाय पूजा व्हायची नाही. ते स्वप्नांचे अर्थ सांगायचे, आकाश वाचायचे."

मी चहाचा कप खाली ठेवला. नाताळात आमच्या घरी गव्हाणीचा देखावा असतो आणि त्यात उंटावरचे तीन राजे माझ्या हातचे आहेत, साग तासून केलेले. ताऱ्याच्या मागे आलेले ते शहाणे पुरुष म्हणजे मागीच, हे आमच्या फादरांनी एकदा सांगितलेलं आठवलं. "म्हणजे आमचे तीन राजे तुमच्याकडचे?" मी विचारलं. माहीन मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "नाव तरी आमच्याकडचं. चालेल?" मला फारच चाललं. इतकी वर्षं ज्यांच्या दाढ्या कोरत होतो त्यांचं गाव शेवटी सापडलं होतं.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. हे देऊळ पडलेलं नव्हतं, जाळलेलंही नव्हतं. ते आतून दगडांनी भरलेलं सापडलं. पाटीच्या दगडासारखे चपटे, थराथराचे दगड, जमिनीपासून माणसाच्या कितीतरी वर. आणि ते भरलं होतं त्यांच्याच लोकांनी. "का?" काशिनाथने विचारलं. माहीन मॅडम म्हणाल्या, "तोच प्रश्न आहे. काही तज्ज्ञ म्हणतात, वर नवं बांधायला जोतं हवं होतं, म्हणून बुजवलं. मला वाटतं, झाकून ठेवलं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. वीस वर्षं मी हेच विचारतेय, की त्या माणसांच्या मनात काय होतं."

दालनात त्या देवळाची छोट्या मापाची प्रतिकृती व्हायची होती. मागे आणि बाजूंना भिंती, पुढे काच, मध्ये वेदी. वेदी थर्मोकोलची, वरून मातीचा गिलावा. डिझाइनवाल्यांना मात्र झाकलेलं देऊळ नको होतं. लोकांना पडझड आवडते, असं त्यांचं म्हणणं. दगड एका कोपऱ्यातून धबाधबा ओतलेले, वेदी कललेली, अर्धी दगडांखाली, वरून लाल दिवा. माहीन मॅडम भांडल्या, हरल्या, आणि घरच्या कामासाठी आठ दिवस तेहरानला निघून गेल्या. हे सगळं काम अंगावर घेतलेला प्रोजेक्ट मॅनेजर रॉनी नावाचा लेबनीज. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडात "यल्ला", म्हणजे चला, आटपा, एवढं सोडून दुसरा शब्द सापडणं कठीण.

उद्घाटनाला तीन दिवस उरले होते. त्या दिवशी मला विमानतळावर एक खोकं सोडवायला जावं लागलं. रॉनी परवान्याच्या मीटिंगला. काशिनाथला त्याने कागदावर काम लिहून दिलं होतं, दगडांच्या मोठ्या गोण्या क्रेनला लावायच्या, डाव्या कोपऱ्यातून सोडायच्या, खलास. अर्ध्या तासाचं काम.

मी परतलो तेव्हा रॉनी काचेसमोर उभा होता आणि त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "इनास," तो म्हणाला, "माझी वेदी कुठे आहे?"

मी बघितलं. वेदी नव्हतीच. समोर दगडांचा सपाट, नेटका भराव होता. एकेक दगड हाताने बसवलेला, थरावर थर, कुठे फट नाही, कुठे ढीग नाही. गोण्या रिकाम्या करून घडी घालून ठेवल्या होत्या. काशिनाथ आणि त्याच्यासोबतचे दोघे नेपाळी बाजूला पाणी पीत बसले होते आणि तिघांचे हात खरचटलेले होते.

मी काशिनाथला बाहेर नेलं. खरं सांगतो, मी भयंकर भडकलो होतो. "हे काय करून ठेवलंस? वेदी कुठाय?"

"आत हाय की. उरलेल्या इटांची चौबाजूंनी भितकुली घातली, तिच्यावर रुंद दगडं आडवी टाकली, मंग भरलं. एक बी दगड लागला न्हाई तिला."

"अरे, पण लागू द्यायचे होते! दगड वरून टाकायचे होते! ती वस्तू नाही, थर्मोकोल आहे!"

"थर्मोकोल तर गनपतीच्या मखराला बी असतंय," काशिनाथ शांतपणे म्हणाला. "माहीनताईनं सांगितलं ना, दिवा ठेवायची जागा हाय ती. तिच्यावर वरून दगडं सोडायची? मला न्हाई जमलं, भाऊ. कोनाचा का असंना, देव हाय. आन् तुमीच शिकवलंय, आधी आडोसा, मंग भरन."

आता या माणसाला काय बोलायचं? पण रॉनीला बोलायचं होतं. त्याने तिथूनच आमच्या ऑफिसला ईमेल केला की तुमच्या माणसाने लेखी सूचना मोडली, काम वाया गेलं, त्याला परत पाठवा. परत पाठवा म्हणजे नुसतं कामावरून नव्हे, थेट भारतात. काशिनाथचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. नवं करायचं की नाही, एवढाच कागद टेबलावर पडलेला. त्याची मोठी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तो रोज कुणी न विचारता सांगायचा की पोरगी फिलोमिनाताईसारखी होनार.

दुपारी ऑफिसातून मला एक फॉर्म आला. प्रश्न एकच: या कामगाराने जे केलं, तशी सूचना तुम्ही दिली होती का? मी लिहिलं, "त्या वेळी मी विमानतळावर होतो. मी अशी सूचना दिलेली नव्हती." सही केली आणि पाठवून दिलं. शब्द न् शब्द खरा होता. बावीस वर्षांत मला स्वतःची इतकी लाज वाटलेली फक्त दोनदा, एकदा त्या हिरव्या पेल्याच्या वेळी आणि एकदा तेव्हा.

मुऐदरला घरी आलो, जेवताना फिलोमिनाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "खोटं तर नाही लिहिलंस." मला बरं वाटलं. मग ताटं उचलता उचलता म्हणाली, "पण नऊ वर्षं तू त्या माणसाला मग शिकवत काय होतास?" आणि ती भांडी घासायला गेली. आमची मुलगी रिंका टेबलाशी गृहपाठ करत होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच शाळेत नापास झालो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आत मी दारात होतो. पहिला फॉर्म परत मागितला आणि नवा लिहून दिला. वस्तूला भरण लागू द्यायचं नाही, आधी आडोसा करायचा, खालून वर हाताने भरायचं, ही माझी कायमची सूचना आहे. काशिनाथने माझी सूचना पाळली. प्रतिकृतीसाठी ती वेगळी असते, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. चूक असेल तर ती माझी. ऑफिसातला केरळी बाबू दोनदा वाचून म्हणाला, "इनासभाई, असं लिहिलं तर तुमचं नाव अडकेल. रिटायरमेंटला किती वर्षं उरली?" मी म्हटलं, "अडकू दे." आवाज जरा मोठाच निघाला.

त्याच दुपारी माहीन मॅडम तेहरानहून थेट दालनात आल्या, चाकांची बॅग ओढत. रॉनीने त्यांना फोनवर सगळं सांगितलेलं होतं, म्हणजे त्याच्या बाजूचं. आम्ही सगळे कोर्टात उभे असल्यासारखे रांगेत उभे. त्यांनी काचेतून भराव बघितला, शिडी मागितली, वर चढून बघितलं.

"वेदी?"

"आत हाय, ताई," काशिनाथ म्हणाला. तो शिडीच्या दुसऱ्या बाजूने चढला आणि मधले काही दगड उचलून त्याने हाताने आत दाखवलं. खाली विटांच्या छोट्या भिंतीचा माथा दिसत होता. आणि तिच्या आत, हातभर पोकळीत, वेदीची कोरी कड.

माहीन मॅडमनी बोटाने ती भिंत चाचपली. मग हिंदीत विचारलं, "ही भिंत घालायला तुम्हाला कुणी सांगितलं? खोदकामाचं ड्रॉइंग कुणी दाखवलं?"

"ड्रॉइंग कसलं? कुनीच न्हाई. मीच घातली. दगडं लागली असती ना तिला."

माहीन मॅडम शिडीच्या पायरीवरच बसल्या. खऱ्या देवळातही अशीच भिंत सापडली होती. दगड भरायच्या आधी त्या लोकांनी वेदीभोवती विटांचा आडोसा घातला होता आणि मगच भरलं होतं, अंगाला न लागू देता. ही गोष्ट त्यांनी चहाच्या वेळी आम्हाला सांगितलीच नव्हती, कारण डिझाइनमधून ती आधीच कापली गेली होती आणि त्यांना त्याचा राग होता. आता त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही एकाच वेळी. "हा पुरावा नाही," त्या म्हणाल्या. "काशिनाथ म्हणजे पुरावा असं मी कुठे लिहू शकत नाही. माझे मित्र मला हसतील. पण मला चालेल. मला अगदी चालेल."

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. इतकंच कळलं की तिकडे, त्या टेकडीवर, कुणीतरी आमच्याच धंद्यातला माणूस होता. त्याला आपला उघडणारा कोण हे ठाऊक नव्हतं आणि त्याने तरी नीट भरलं होतं. मला त्याच्याबद्दल एकदम भाऊबंदासारखी माया वाटली.

निर्णय म्युझियमच्या मुनीरा मॅडमकडे गेला. या कतारी बाई, कमी बोलणाऱ्या. रॉनी म्हणाला की लोकांना काही दिसणारच नाही. माहीन मॅडम म्हणाल्या की हेच दिसायला हवं. मुनीरा मॅडमनी दोघांचं ऐकलं आणि काशिनाथला विचारलं, "आत आहे ना?" काशिनाथने मान हलवली. त्या म्हणाल्या, "माझी आजी सांगायची, तंबू हलवताना आम्ही विहिरीचं तोंड झाकून निघायचो. परत यायचं असो, नसो. राहू दे हे असंच." रॉनीने दोन्ही हात वर करून "खलास" म्हटलं आणि लाल दिव्याच्या जागी साधा पांढरा लावायला सांगितला. माणूस वाईट नाही, हे मी आधीच म्हटलंय. संध्याकाळपर्यंत त्याने आपला ईमेलही मागे घेतला. काशिनाथचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं झालं. तो मला म्हणाला, "भाऊ, तुमी दुसरा कागद दिला म्हनं?" मी म्हटलं, "कुठला कागद?" तो म्हणाला, "असं व्हय," आणि फोमची पट्टी कापायला लागला.

वेदीवरून काढलेले दगड त्याने त्याच संध्याकाळी परत बसवले. मी त्याच्यासोबत नव्हतो, खाली काचा पुसून घेत होतो.

प्रदर्शनात ते दालन सगळ्यात जास्त चाललं असं मी म्हणणार नाही. सगळ्यात जास्त चाललं सोन्याच्या दागिन्यांचं. पण मुलं इथे थांबायची. फलकावर माहीन मॅडमनी एवढंच लिहिलं होतं की वेदी आत आहे, त्या लोकांनी ती झाकून ठेवली, का ते आपल्याला ठाऊक नाही. मुलं काचेला नाक लावून फट शोधायची. रिंकाला घेऊन गेलो तर ती म्हणाली, "पण डॅडा, हाऊ डू वी नो इट्स इनसाइड?" मी म्हटलं, "ज्याने भरलं त्याला विचार." ती खरंच काशिनाथकडे गेली. त्याने तिला दहा मिनिटं हातवारे करून काय सांगितलं कोण जाणे. घरी आल्यावर तिने गव्हाणीतले माझे तीन राजे कपाटातून काढून पुसून ठेवले. नाताळ अजून लांब होता.

काही महिन्यांनी प्रदर्शन उतरवायची वेळ आली. उतरवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात उदास काम असतं, पण मला ते आवडतं. काशिनाथ रजेवर गावी होता. मुलीच्या कॉलेजात काही कार्यक्रम होता आणि त्यासाठी त्याने नवा शर्ट शिवून घेतला होता. ऑर्डरमध्ये लिहिलेलं: दगड जिथून आणले त्या ओमानला परत, प्रतिकृती भंगारात. क्रेन तयार होती. मी क्रेनवाल्याला जेवायला पाठवलं आणि दगड वरून एकेक करून हाताने काढायला बसलो. रॉनी येऊन बघून गेला. थोड्या वेळाने कोट काढून तोही दगड उचलायला लागला.

भिंतीचा माथा लागला. आत वाकून बघितलं. वेदीला कुठे ओरखडाही नव्हता. वरच्या खळग्यात, जिथे विस्तव ठेवायचे तिथे, एक घडी घातलेला कागद होता. आमच्या वर्कशॉपची छापील चिठ्ठी. काशिनाथने आपल्या ठसठशीत अक्षरात एकेक रकाना भरला होता.

वस्तू : देव.
मालक : म्हाईत न्हाई.
उघडताना : हळू. भितीला धक्का लावू नका.
पॅक करणार : काशिनाथ.

खालची ओळ मोकळी होती. उघडणाऱ्याची.

"काय लिहिलंय?" रॉनीने विचारलं. मी त्याला वाचून दाखवलं. त्याने हातातला दगड हळूच बाजूला ठेवला.

मी खिशातून पेन काढलं. कागद वेदीवरच ठेवला आणि मोकळ्या ओळीत लिहिलं, "शाबूत मिळाला." मग खाली सही केली.